'ला ग्रनुइयेर'मधील पाणी प्रतिकृतीत पाण्यासारखे का दिसत नाही?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या १८६९ मधील 'ला ग्रनुइयेर' या नदीकाठच्या चित्राची अ‍ॅक्रिलिक रंगांत प्रतिकृती केली. कुंचल्याचे फटकारे शक्य तितके मुळाबरहुकूम ठेवले, तरीही पुढच्या भागातील पाणी पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीसारखे दिसते. त्याच जागेचे ओग्यूस्त रन्वार यांचे चित्र आपल्याला अधिक मऊ आणि सोपे वाटते, म्हणून त्याची प्रतिकृती आधी करावी का, असे आपण विचारता. शिवाय पुढे सांगलीला कृष्णेच्या घाटावर बसून याच पद्धतीने नदी रंगवता येईल का, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी अनेक वर्षे तैलरंगात निसर्गचित्रे करतो आणि शिकवतो. हे चित्र विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पुन्हा अभ्यासल्यामुळे एक गोष्ट बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. आपली अडचण फटकाऱ्याची नसावी. आपण फटकारा हा पाण्याचा पोत समजून उतरवला, आणि मूळ चित्रात तो पोत नाही. तिथला प्रत्येक फटकारा लाटेच्या एका विशिष्ट उताराबद्दल बोलतो: या उतारावरून माझ्या डोळ्याकडे आकाश येते, झाडाचा काळोख येतो, की होडीची कड येते? याचे उत्तर ठरवल्याशिवाय ओढलेला फटकारा कितीही हुबेहूब असला तरी तो पट्टीच राहतो, आणि अशा शंभर पट्ट्या शेजारी शेजारी आल्या की त्यांचे विणकाम दिसू लागते.

आपली प्रतिकृती मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधी मान्य करतो. आपण कोणत्या छायाचित्रावरून काम केले, ते पडद्यावर पाहिले की छापील, कॅनव्हास किती मोठा होता, खोलीतला प्रकाश कसा होता, या सगळ्यांनी निकाल बदलतो. मूळ चित्र सुमारे ७५ सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद आहे. तेच आपण वहीच्या पानाएवढ्या कागदावर उतरवले असेल, तर तिथे हाताच्या एका हालचालीत झालेला फटकारा इथे नखाएवढा होतो आणि त्याचा स्वभावच हरवतो. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि त्या संग्रहालयाने आपल्या संकेतस्थळावर त्याची मोठी, तपशीलवार प्रतिमा सर्वांसाठी खुली ठेवली आहे. इतर ठिकाणच्या प्रतिमांमध्ये काळे अधिक काळे आणि निळे अधिक भडक केलेले आढळते, म्हणून अभ्यासासाठी ती एकच प्रतिमा वापरावी, असा माझा आग्रह आहे.

आता ती जागा आणि तो उन्हाळा यांविषयी, कारण फटकारे असे का आहेत याचे अर्धे उत्तर तिथे आहे. ला ग्रनुइयेर हे पॅरिसच्या पश्चिमेला, सेन नदीतील क्रोआसी बेटाच्या काठाला लागून असलेले स्नानाचे, नौकाविहाराचे आणि खाण्यापिण्याचे ठिकाण होते. पॅरिसहून रेल्वेने शातूपर्यंत यायचे, होडी भाड्याने घ्यायची, पोहायचे आणि पाण्यावर तरंगणाऱ्या उपाहारगृहात बसायचे, असा तिथला सुटीचा दिवस असे. कारकून, दुकानांतून काम करणाऱ्या मुली, सधन मध्यमवर्गीय असे सगळेच तिथे एकत्र येत. १८६९ च्या उन्हाळ्यात तर सम्राट तिसरा नेपोलियन सम्राज्ञीसह तिथे येऊन गेला. मोने त्या वेळी जवळच्या बूझिव्हालच्या परिसरात जोडीदार कामिय आणि लहानगा मुलगा जाँ यांच्यासह राहत होते. त्या वर्षीच्या सलोंने, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनाने, त्यांची चित्रे नाकारली होती आणि हातात रंगांपुरतेही पैसे नव्हते. रन्वार जवळच आई-वडिलांकडे राहत होते आणि दोघे शेजारी बसून तेच दृश्य रंगवत होते. सप्टेंबरच्या अखेरीस मोने यांनी आपले चित्रकार मित्र फ्रेदेरिक बाझिय यांना पत्र लिहिले. ला ग्रनुइयेरच्या स्नानस्थळाचे एक चित्र करण्याचे आपले स्वप्न आहे, त्यासाठी आपण काही वाईट कच्ची चित्रे केली आहेत आणि रन्वार यांनाही तेच चित्र करायचे आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

आज आपण ज्यांच्यापुढे तासन्‌तास उभे राहतो, त्या चित्रांना त्यांचा कर्ता 'वाईट कच्ची चित्रे' म्हणत होता, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. ती सलोंसाठी बेतलेल्या मोठ्या चित्राची टिपणे होती, आणि टिपण करणारा माणूस सजावट करत नाही. त्याच्यासमोर होड्या हलत होत्या, पोहणाऱ्यांमुळे लाटा येत होत्या, ढगांमागून ऊन येत-जात होते. त्याला दर क्षणी एवढेच ठरवायला वेळ होता की हा तुकडा उजळ की गडद, निळा की तपकिरी, रुंद की अरुंद. रंग ओला असतानाच त्यावर दुसरा रंग ठेवायचा आणि पुढे जायचे. आपण घरी बसून सावकाश, एकेका फटकाऱ्याची नक्कल करत गेलात तर हातून उतरतो तो फटकाऱ्याचा आकार. त्यामागचा निर्णय मात्र मूळ चित्रातच राहून जातो.

हा निर्णय कसा घ्यायचा हे कळण्यासाठी पाण्याचे थोडे भौतिकशास्त्र लागते. ते अवघड नाही, पण बहुतेक कलावर्गांत सांगितले जात नाही. पाण्याचा पृष्ठभाग सर्व दिशांनी सारखाच आरसा नसतो. सरळ खाली पाहिले तर पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत येतो, म्हणजे आपल्याला पाण्याचा स्वतःचा रंग किंवा तळ दिसतो. दृष्टी क्षितिजाखाली ३० अंशांवर असेल तर परावर्तन सुमारे ६ टक्के असते, १० अंशांवर सुमारे ३५ टक्के होते आणि ५ अंशांवर निम्म्याहून अधिक होते. चित्रकार काठावर बसलेला आहे आणि त्याचा डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच आहे असे धरले, तर ३० अंशांची रेषा त्याच्यापासून अडीच मीटरच्या आसपास पडते, १० अंशांची साडेआठ मीटरवर आणि ५ अंशांची सतरा मीटरवर. याचा अर्थ, पायाजवळचे पाणी आणि पंधरा-वीस मीटरवरचे पाणी हे चित्राच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. एकात खोली दिसते, दुसऱ्यात आकाश दिसते, आणि मधल्या पट्ट्यात हा बदल घडतो.

हे झाले शांत पाण्याचे. लाटा आल्या की प्रत्येक लाटेला आपल्याकडे झुकलेला एक उतार आणि पलीकडे झुकलेला दुसरा उतार मिळतो. आपल्याकडे झुकलेल्या उतारावर आपली दृष्टी अधिक सरळ पडते, म्हणून तिथे परावर्तन कमी आणि पाण्याचा गडद रंग जास्त असतो, आणि जे काही परावर्तित होते ते डोक्यावरचे असते: आकाशाचा वरचा, अधिक गडद निळा भाग किंवा आपल्यावर झुकलेली फांदी. लाटेच्या माथ्यावरचा सपाट भाग आणि पलीकडे झुकलेला उतार समोरच्या खालच्या गोष्टी दाखवतात: पलीकडचा काठ, त्यावरची उन्हातली झाडे, क्षितिजाजवळचे फिकट आकाश. एकाच लाटेत शेजारी शेजारी गडद तपकिरी आणि दुधी निळे दिसते ते याच कारणाने.

आता हे सगळे डोक्यात ठेवून चित्र खालून वर वाचावे. अगदी खाली बांधून ठेवलेल्या होड्या आहेत. त्या सावलीत आहेत आणि चित्रातील सर्वांत गडद, सर्वांत ठाम आकार त्यांचेच आहेत. त्यांच्याभोवतीचे पाणी रुंद, आडव्या, जाड फटकाऱ्यांचे आहे. काळपट हिरवा आणि तपकिरी हे तळाचे रंग, त्यांवर निळा, मातकट पिवळा आणि पांढुरका. इथे चित्रकाराची दृष्टी खाली वळलेली आहे, वर झाडांची सावली आहे, म्हणून गडद रंगाचे राज्य आहे आणि उजळ फटकारे त्यावर सुटे सुटे पडलेले आहेत. त्याच्या वर, मधोमध, एकच सडपातळ झाड असलेले गोल लहान बेट आहे, ज्याला लोक त्याच्या आकारावरून कामांबेर चीजचे नाव देत असत. त्याच्याकडे जाणारे अरुंद लाकडी पूल, उजवीकडे तरंगत्या उपाहारगृहाचे छप्पर आणि खालची गर्दी, डावीकडे पाण्यात पोहणाऱ्यांची डोकी. बेटाभोवतीच्या पाण्यात प्रमाण उलटे होते. तिथे उजळ रंगाचे राज्य आहे आणि गडद फटकारे मोजके आहेत. त्याच्याही मागे पलीकडच्या काठावरची उन्हाने न्हालेली झाडी येते, आणि तिच्या पायथ्याशी पाणी इतके बारीक फटकाऱ्यांचे होते की ते जवळजवळ एकसंध भासते.

आपल्या प्रतिकृतीत नेमके हे प्रमाण बदलणे हरवले असावे, असा माझा कयास आहे. खालपासून वरपर्यंत गडद आणि उजळ फटकारे साधारण सारख्याच संख्येने, सारख्याच अंतराने आले असतील, तर डोळ्याला खोली मिळत नाही. एका छोट्या प्रयोगाने हे तपासता येईल. आपल्या चित्राचे आणि मूळ चित्राचे छायाचित्र रंगविरहित करून दोन्ही शेजारी ठेवावीत आणि डोळे किलकिले करून पाहावीत. मूळ चित्रात पाण्याचे तीन स्पष्ट प्रदेश दिसतील. आपल्या चित्रात एकच प्रदेश दिसला, तर दोष सापडला. कलाशाळेत ज्याला आपण टोन म्हणतो, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, तो इथे रंगापेक्षा आधी येतो. मोने यांचा रंग इतका मोहक आहे की टोनवरचे त्यांचे नियंत्रण लक्षातच येत नाही, पण ते काढून घेतले तर उरलेला रंग दोन दिवसांत कंटाळवाणा वाटेल.

दुसरी बाब फटकाऱ्याच्या मापाची. लाट लांब गेली की लहान दिसते हे सर्वांना माहीत असते, म्हणून विद्यार्थी मागचे फटकारे पुढच्यांपेक्षा लहान करतो, पण लांबी आणि जाडी दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी करतो. यथार्थदर्शनाचा, म्हणजे अंतराप्रमाणे वस्तू कशा दिसतात याचा, नियम असा नाही. आडव्या पृष्ठभागावरची वस्तू दुप्पट अंतरावर गेली की तिची रुंदी निम्मी दिसते, पण तिची खोली, म्हणजे चित्रातली उभी जाडी, जवळजवळ एक चतुर्थांश होते. तिप्पट अंतरावर रुंदी एक तृतीयांश आणि जाडी सुमारे एक नवमांश. त्यामुळे जवळची लाट पसरट पण जाड ठिगळ असते, मधली लाट लांबट चीर असते आणि दूरची लाट केवळ रेघ असते. मोने यांनी हे गणित मांडून केले असे मी म्हणत नाही, त्यांचा डोळाच तसा होता. आपल्याला मात्र सुरुवातीला कागदावर ही मापे लिहून ठेवण्याचा फायदा होईल. जाडी पुरेशी वेगाने कमी झाली नाही की पाणी आडवे पसरत नाही, भिंतीसारखे उभे राहते, आणि उभ्या पृष्ठभागावरचे पट्टे हे कापडाचेच पट्टे वाटतात.

तिसरी बाब प्रतिबिंबांची. प्रतिबिंब म्हणजे वस्तूची उलटी नक्कल नव्हे. पाण्यातून आपण वस्तूकडे खालून पाहत असतो. म्हणून होडीच्या प्रतिबिंबात तिच्या आतल्या फळ्या दिसत नाहीत, बाहेरची बाजू आणि पोट दिसते, आणि पुलाच्या प्रतिबिंबात वरचे चालणारे लोक कमी आणि फळ्यांची खालची सावलीतली बाजू जास्त दिसते. दुसरे असे की गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा सहसा थोडे उजळ असते, कारण पाण्याचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो, आणि उजळ वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा गडद असते, कारण सगळा प्रकाश परत येत नाही. होडीसाठी वापरलेला काळपट रंग तसाच तिच्या प्रतिबिंबात वापरला तर होडी तरंगत नाही, पाण्यात खिळल्यासारखी दिसते.

इथवरचे थोडक्यात असे: आधी पाण्याचे तीन प्रदेश आणि त्यांतले उजळ-गडदाचे बदलते प्रमाण, मग फटकाऱ्याची जाडी झपाट्याने कमी होत जाणे, मग प्रतिबिंबांची टोनमधली दुरुस्ती, आणि रंगछटा या तिन्हींनंतर.

आता आपल्या माध्यमाविषयी. अ‍ॅक्रिलिक वापरणे चुकीचे नाही, पण या चित्राच्या बाबतीत ते दोन ठिकाणी आड येते. अ‍ॅक्रिलिक सुकल्यावर थोडे गडद होते, त्यामुळे ओले असताना बरोबर वाटलेले उजळ फटकारे दुसऱ्या दिवशी खाली बसलेले दिसतात आणि टोनमधले अंतर आक्रसते. याशिवाय ते इतक्या लवकर सुकते की ओल्या रंगावर ओला रंग ओढता येत नाही. मोने यांच्या पाण्यातल्या कित्येक उजळ फटकाऱ्यांनी खालचा गडद रंग थोडासा उचलून घेतलेला आहे, त्यामुळे त्या फटकाऱ्याची एक कड स्वच्छ आणि दुसरी मळकट असते. आपल्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा कोरलेल्या राहिल्या असतील तर त्याचे कारण हे असू शकते. अ‍ॅक्रिलिकच ठेवायचे असेल तर रिटार्डर, म्हणजे रंग उशिरा सुकवणारे द्रव्य, वापरावा, रंगपाटीखाली ओला कागद ठेवावा आणि एका बैठकीत हाताच्या पंजाएवढाच भाग हाती घेऊन तो पूर्ण करावा. उजळ मिश्रणे हव्या असलेल्या टोनपेक्षा किंचित उजळच करून ठेवावीत. तैलरंग परवडत असतील आणि घरात हवा खेळती असेल तर या अभ्यासापुरते तरी तेच घ्यावेत, असे मी सुचवीन.

कुंचल्याविषयी एक ऐतिहासिक गोष्ट उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकात कुंचल्याचे केस धातूच्या पट्टीत दाबून बसवण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यामुळे चपटे कुंचले सहज मिळू लागले. गोल कुंचल्याने रेघ येते, चपट्याने तुकडा येतो. 'ला ग्रनुइयेर'च्या पुढच्या पाण्यातले चौकोनी टोकाचे, एकसारख्या रुंदीचे फटकारे चपट्या कुंचल्याशिवाय असे येणारच नाहीत. याच काळात जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये पेटंट घेतलेली दाबून रंग काढायची धातूची नळीही सर्वत्र पोहोचली होती, त्यामुळे घट्ट, तयार तैलरंग घेऊन नदीकाठी बसणे शक्य झाले. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन (गर्द निळा), क्रोम पिवळा आणि १८५९ मध्ये पेटंट झालेला व्हिरिडियन हिरवा हे रंग त्या पिढीला उपलब्ध होते. आपल्यासाठी मी पांढरा, कोबाल्ट निळा, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, एक मातकट पिवळा, एक स्वच्छ पिवळा, लाल आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) एवढेच सुचवतो. काळा नळीतून घेऊ नये. अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून येणारा गडद रंग उबदार किंवा थंड करता येतो, आणि पुढच्या पाण्याला तीच लवचीकता हवी असते.

रन्वार यांच्या चित्राविषयी आपण म्हणता ते अंशतः खरे आहे. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेले त्यांचे 'ला ग्रनुइयेर' मऊ आहे, पण सोपे मुळीच नाही. रन्वार किशोरवयात चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवण्याचे काम शिकले होते आणि बारीक, हलक्या, पारदर्शक स्पर्शांची सवय त्यांच्या हातात कायम राहिली. त्यांना पाण्यापेक्षा माणसांत अधिक रस होता. म्हणून त्यांनी बेट जवळ आणले, माणसे मोठी केली, स्त्रियांचे पोशाख वेगवेगळे ओळखू येतील इतपत रंगवले आणि पाणी त्या गर्दीभोवती थरथरत ठेवले. त्या चित्रातली टोनची अंतरे फार जवळजवळची आहेत. गुलाबी, फिकट निळा आणि पोपटी एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या पायरीवर आहेत. ज्याला अजून मोठी अंतरे सांभाळता येत नाहीत त्याने इतकी सूक्ष्म अंतरे हाती घेतली तर सगळे चित्र एका राखाडी धुक्यात जाते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की रन्वार नंतर घ्यावेत.

किंबहुना पाण्याच्या अभ्यासासाठी मी मेट्रोपॉलिटनमधील चित्रापेक्षाही मोने यांचे त्याच जागेचे दुसरे चित्र आधी सुचवीन, जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि ज्यात स्नान करणारी मंडळी आहेत. त्यात पुढे सावलीत बांधलेल्या होड्या, मधून जाणारा अरुंद पूल, त्यावर उभ्या असलेल्या काही आकृती आणि त्या पुलापलीकडे एकदम उन्हात उघडलेले पाणी आहे. तिथे टोनचे प्रदेश इतके वेगळे आहेत की शिकणाऱ्याची चूक लगेच उघडी पडते, आणि शिकताना चूक लवकर दिसणे हीच मोठी मदत असते. त्या चित्रात दूरच्या पाण्यात पोहणाऱ्यांची डोकी म्हणजे गडद रंगाचे एकेक लहान टिंब आहे, त्याला ना डोळा ना नाक, आणि तरीही ती माणसे आहेत याविषयी शंका उरत नाही.

माणसांविषयी आपण विचारलेले नाही, पण त्याचा पाण्याशी थेट संबंध आहे म्हणून लिहितो. विद्यार्थी पाणी मोकळ्या फटकाऱ्यांनी करतात आणि माणसांजवळ आले की बारीक कुंचला घेऊन चेहरे काढू लागतात. त्या क्षणी चित्राचे दोन तुकडे होतात. मोने यांच्या चित्रात बेटावर उभी असलेली स्त्री ही तीन-चार फटकाऱ्यांची असते, आणि तिच्या पायाशी असलेले पाणीही तितक्याच फटकाऱ्यांचे असते. सुटीचा दिवस घालवणारे ते लोक, त्यांची होडी, झाड आणि पाणी यांच्यावर एकच प्रकाश पडलेला आहे आणि चित्रकार त्या सर्वांना एकाच भाषेत लिहितो. त्या काळच्या सलोंमधल्या परीक्षकांना हेच खटकले असणार. त्यांच्या मते माणूस हा चित्राचा विषय आणि निसर्ग ही पार्श्वभूमी. १८७० मध्येही त्यांनी मोने यांची चित्रे परत पाठवली, आणि त्याच्या निषेधार्थ ज्येष्ठ निसर्गचित्रकार शार्ल-फ्रांस्वा दोबिन्यी यांनी परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला. दोबिन्यी स्वतः होडीलाच चित्रशाळा करून नदीवर फिरत रंगवणारे होते. पाण्यावर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसालाच त्या चित्रांतले सामर्थ्य दिसावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

आता करायचे काय, ते सांगतो. संपूर्ण चित्र पुन्हा करू नये. लंडनच्या किंवा मेट्रोपॉलिटनच्या चित्रातील होडीचे टोक, तिचे प्रतिबिंब आणि भोवतीचे पाणी एवढाच चौकोन निवडावा आणि तो मूळ मापात, म्हणजे मूळ चित्रात तो जेवढा आहे तेवढाच, कॅनव्हासवर घ्यावा. पहिल्यांदा केवळ पांढरा आणि अंबर वापरून पाच टोनमध्ये करावा. प्रत्येक फटकारा ठेवण्यापूर्वी मनात म्हणावे: आकाश, झाड, होडी किंवा पाण्याची खोली. यांपैकी काहीच म्हणता आले नाही तर तो फटकारा ठेवू नये. मग दुसऱ्या कॅनव्हासवर तोच चौकोन रंगांत करावा, पण मिश्रणे आधी तयार करून, त्यांचे टोन पहिल्या अभ्यासाशी ताडून. मग त्याच चित्रातील दूरच्या पाण्याचा चौकोन घ्यावा. जवळचा आणि दूरचा असे दोन चौकोन भिंतीवर वर-खाली लावून काही पावले मागे जावे. त्यांच्यामध्ये अंतर आहे असे वाटले, तर संपूर्ण चित्राला हात घालण्याची वेळ आली.

कृष्णेच्या घाटाविषयी शेवटी लिहितो, कारण तिथे मोने यांची पद्धत चालेल, पण त्यांचे रंग जसेच्या तसे चालणार नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस पॅरिसजवळ भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४० अंशच वर असतो, तर सांगलीत तो ७० अंशांच्या वर जातो. तिथे दिवसभर मिळणारा तिरपा प्रकाश आपल्याला सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतरच मिळेल. पावसाळ्यातले गढूळ पाणी स्वतःच्या रंगाने इतके भरलेले असते की जवळच्या भागात परावर्तन हरते आणि मातीचा रंग जिंकतो. अशा पाण्यावर झाडांची खरी सावली पडलेली दिसते, जी स्वच्छ पाण्यावर जवळजवळ दिसत नाही. म्हणून सुरुवात हिवाळ्यात करावी, तेव्हा पाणी निवळलेले आणि संथ असते.

आणि बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. घाटाच्या वरच्या पायरीवर बसून डोळा पाण्यापासून सहा मीटर उंच गेला, तर जी ३५ टक्के परावर्तनाची रेषा काठावर बसलेल्या चित्रकारापासून साडेआठ मीटरवर होती ती चौतीस मीटरवर ढकलली जाते, आणि समोरचे बरेचसे पाणी आकाश दाखवण्याऐवजी स्वतःचा हिरवट गडद रंग दाखवू लागते. वरून दृश्य मोठे दिसते म्हणून बहुतेक जण वर बसतात. आपण पाणी शिकायला जात आहात, तेव्हा कोरड्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालची निवडावी, पाठीमागे सावली राहील अशी बैठक मांडावी आणि समोर एखादी बांधलेली होडी असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी.